किनोसाकीचा र्‍योकान: आधी अंघोळ, मग कुंड

क्योतोहून थेट एक्स्प्रेसने अडीच तासांत किनोसाकी, जपानमधलं गरम पाण्याच्या कुंडांचं गाव. इथे म्हणतात, अख्खं गाव म्हणजे एकच पारंपरिक जपानी सराई, म्हणजे र्‍योकान: स्टेशन हा दरवाजा, रस्ते म्हणजे व्हरांडे आणि सात सार्वजनिक स्नानगृहं, म्हणजे सोतोयु, ही न्हाणीघरं. र्‍योकानमध्ये उतरलेल्यांना सातही फुकट, पास चेक-इनला मिळतो. पण प्रत्येकाची साप्ताहिक सुट्टी वेगळी, त्यामुळे एका रात्रीत सातही उरकायचा हट्ट नको. माझ्या मते तीन पुरेत.

चेक-इन सुरू होताच, बहुधा दुपारी तीनला, पोचा. जेवण सहा-साडेसहाला असतं आणि पदार्थ त्या वेळेच्या हिशोबानेच शिजतात. तातामीवर, म्हणजे खोलीतल्या गवती चटयांवर, स्लिपरसुद्धा नको. संडासातल्या स्लिपर घालून बाहेर येणं ही नवख्यांची हमखास चूक. युकाता म्हणजे सुती किमोनो, त्याची डावी बाजू उजवीवर घ्या. उलटं फक्त मृताला नेसवतात.

वज्रेश्वरीला अंगावरच्या कपड्यांनिशी कुंडात उतरणार्‍यांना इथली पहिली पाच मिनिटं जड जातात, कारण पुरुष-बायका वेगळ्या असल्या तरी आत सगळेच विवस्त्र. बुटक्या स्टुलावर बसून साबण लावायचा. उभ्याने शॉवर घेतला की शेजार्‍यावर शिंतोडे. फेस पूर्ण गेल्यावरच कुंडात. केस वर बांधलेले, छोटा पंचा घडी करून डोक्यावर, पाण्यात नाही. पाणी साधारण 42 अंशांचं. पाच मिनिटं बसा, बाहेर या, मग पुन्हा. उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो. त्यात पोटात दारू असेल किंवा झटकन उठलात तर भोवळ ठरलेली. टॅटूला बर्‍याच ठिकाणी बंदी असते, इथल्या सोतोयुंत चालतो.

खरी अडचण शाकाहार्‍यांची. नोव्हेंबर ते मार्च तर खेकड्याचाच हंगाम. नुसतं ‘व्हेज’ सांगून भागत नाही: मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं) सूप, उकडलेली भाजी, अगदी तेंपुराची, म्हणजे जपानी भज्यांची, चटणीसुद्धा दाशीवर, म्हणजे जपानी स्वयंपाकातल्या पायाभूत सारावर, बनते आणि त्यात बहुधा कात्सुओबुशी, म्हणजे वाळवलेल्या माशाचा कीस. बुकिंग करतानाच ‘दाशी फक्त कोंबू आणि शिताकेची हवी’ असं लिहून विचारा. कोंबू म्हणजे समुद्री शेवाळ, शिताके म्हणजे अळंबी. नाही म्हणाले तर जेवणाविना खोली घ्या. तिला सुदोमारी म्हणतात.

जेवून पुन्हा बाहेर पडताना गेता, म्हणजे लाकडी चपला, घाला. पट्टा बोटांच्या बेचक्यात पार घुसवू नका, टाच जराशी मागे बाहेर राहू द्या, म्हणजे सालटं निघत नाहीत. पावसात ओल्या दगडांवर मात्र लाकूड सरकतं, तेव्हा ओतानी नदीवरचे छोटे पूल जपून ओलांडा.