सायझिंग खाते आणि तापवलेला हॉल

गेल्या नोव्हेंबरपासून मी आठवड्यातून चार दिवस पहाटे सहा वाजता विजापूर रस्त्यावरच्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर पॉवर योगाला जाते. तो हॉल मुद्दाम तापवलेला असतो. भिंतींवर विजेचे चार हीटर आहेत, सुरुवातीला कोपऱ्यात वाफ सोडणारे एक यंत्र चालू असे, दारे-खिडक्या बंद असत आणि वर्ग सुरू होताना तापमान ३५ अंशांच्या आसपास असे. हे ऐकल्यावर जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, की ज्या गावात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, त्या गावात उकाडा विकत कशाला घ्यायचा. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर द्यायला मला पाच महिने लागले. आम्ही वीस-बावीस जण तिथे गेलो, ते सोलापूरकराला उष्णतेची सवयच असते, तिच्याबद्दल त्याला वेगळे काही शिकावे लागत नाही, अशा समजुतीने गेलो होतो. ती समजूत चुकीची निघाली, म्हणून हे लिहिते आहे.

पॉवर योगाची ओळख थोडक्यात करून देते. म्हैसूरच्या के. पट्टाभि जोइस यांनी शिकवलेल्या अष्टांग विन्यास पद्धतीवरून अमेरिकेत १९९०च्या दशकात बेरिल बेंडर बर्च, ब्रायन केस्ट अशा शिक्षकांनी हा वेगवान प्रकार रूढ केला. त्यात ठरलेल्या आसनांचा क्रम नसतो, मात्र प्रत्येक हालचाल श्वासाला बांधलेली असते आणि दोन आसनांच्या मध्ये थांबणे जवळपास नसते. खोली तापवण्याची पद्धत बिक्रम चौधुरी यांच्या वर्गांमुळे जगभर पसरली. त्यांच्याकडे २६ आसने, ९० मिनिटे, सुमारे ४० अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता असे सगळे ठरलेले असे. आमचा वर्ग ६० मिनिटांचा असतो. सूर्यनमस्काराच्या अ आणि ब या दोन प्रकारांच्या प्रत्येकी पाच आवर्तनांनी तो सुरू होतो, मग उत्कटासन, वीरभद्रासन, त्रिकोणासन यांची गुंफण होते आणि शेवटची आठ मिनिटे शवासन असते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्या सूर्यनमस्काराचा ध्यास घेऊन शाळाशाळांतून प्रसार केला, त्याच्याच जवळचा हा सूर्यनमस्कार. तेव्हा आपल्या भागातल्या माणसाला हा प्रकार अगदीच परका वाटण्याचे कारण नाही.

पहिल्या दिवशीचे अजून लख्ख आठवते. बाहेर सोलापूरच्या मानाने थंडी होती, स्कूटरवरून येताना मी स्वेटर घातला होता, आणि दार उघडताच तोंडावर ओलसर ऊब आली, कुकरचे झाकण काढल्यावर येते तशी. दुसऱ्याच सूर्यनमस्कारात चष्म्यावर धुके चढले. चौथ्यात कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावरून मॅटवर पडू लागला आणि अधोमुख श्वानासनात तो उलटा वाहत डोळ्यांत गेला, इतका की डोळे चुरचुरून मिटावे लागले. तळहात घसरत होते. शेजारच्या काकूंनी एक शब्दही न बोलता आपला जादाचा टॉवेल माझ्या मॅटवर पुढच्या बाजूला अंथरून दिला. तो आपला सोलापुरी टेरी टॉवेल होता, घट्ट उभ्या टाक्यांचा, पाणी पिऊनही सपाट न पडणारा. भौगोलिक मानांकन मिळालेल्या ज्या वस्तूचा आपण एवढा अभिमान बाळगतो, ती खऱ्या अर्थाने कामाला येताना मी त्या दिवशी पाहिली. तेव्हापासून मीही दोन टॉवेल नेते.

त्या काकू बँकेतून निवृत्त झाल्या आहेत. गुडघे आणि कंबर इतकी आखडलेली होती, की जमिनीवर बसून भाजी निवडणे त्यांनी सोडून दिले होते. याशिवाय वर्गात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा आहे, शाळेचे गणवेश शिवण्याचा कारखाना चालवणारे एक भाऊ आहेत, आणि बाळंतपणानंतर दीड वर्षाने पुन्हा व्यायामाकडे वळलेली एक तरुण आई आहे. वर्ग संपल्यावर आम्ही जिन्यात बसून ताक पितो आणि त्या वेळी जे बोलणे होते, त्यातूनच हे अनुभव गोळा झाले आहेत.

फायदा होतो, हे आधी स्पष्टपणे सांगितले पाहिजे. स्नायू गरम असले की ते सहज लांबतात. एरवी जी ताठरता मोडायला अर्धा तास लागला असता, ती इथे दहा मिनिटांत मोडते. काकूंचे हात पहिल्या आठवड्यात उत्तानासनात गुडघ्यांपर्यंत पोचत होते, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास ते घोट्यांपर्यंत पोचले, आणि त्या दिवशी त्यांनी घरी जाऊन जमिनीवर बसून मेथीची जुडी निवडली, हे त्यांनी आम्हाला इतक्या आनंदाने सांगितले की ऐकताना माझे डोळे भरून आले. पण हीच सहजता फसवते. तापलेला स्नायू ‘आता पुरे’ असे उशिरा सांगतो. गणवेशवाल्या भाऊंनी डिसेंबरात एका पायावर जोर देऊन ताण वाढवला, तेव्हा त्यांना काहीही जाणवले नाही. दुपारी कारखान्याचा जिना चढताना मांडीच्या मागची शीर लचकली आणि पुढचे तीन आठवडे ते वर्गाला येऊ शकले नाहीत.

दुसरी फसवणूक घामाची आहे. वर्गानंतर ज्याचा टी-शर्ट जास्त भिजलेला, त्याचा व्यायाम जास्त झाला, असे सुरुवातीला आम्ही सगळेच मानत होतो. तो अभियांत्रिकीचा मुलगा तर जिन्यातच टी-शर्ट पिळून दाखवायचा आणि म्हणायचा, ‘लई घाम गेला बे आज, किलोभर तरी उतरलो असेन.’ मी एकदा घरच्या काट्यावर नीट वजन करून पाहिले. जाण्यापूर्वी ६१.४ किलो भरले, परत आल्यावर ६०.६, आणि मधल्या वेळात मी अर्धा लिटर पाणी प्यायले होते. म्हणजे तासाभरात अंगातून सुमारे सव्वा लिटर पाणी गेले. संध्याकाळपर्यंत जेवणखाण आणि पाणी झाल्यावर वजन जिथल्या तिथे आले. त्यात चरबी कुठेच नव्हती.

आता माझ्यावर आलेला प्रसंग सांगते. तिसऱ्या आठवड्यात बाहेरून आलेल्या एका प्रशिक्षकांनी तीन दिवस वर्ग घेतला. त्यांचा नियम असा होता, की पहिल्या अर्ध्या तासात पाणी प्यायचे नाही आणि वर्ग संपेपर्यंत कोणीही हॉलबाहेर जायचे नाही. मन बाहेर पळते, त्याला पळू द्यायचे नाही, असे ते म्हणत. ऐकताना ते पटले, आणि मी आज्ञाधारकपणे थांबले. चाळिसाव्या मिनिटाला उत्कटासनातून उभी राहताना कानांत घूं असा आवाज सुरू झाला, समोरच्या आरशातली माणसे पांढरी पडत गेली आणि ओठांभोवती मुंग्या आल्या. शरीर इतके स्पष्ट सांगत असताना केवळ नियम मोडू नये म्हणून मी आणखी दोन आसने केली. शवासनात पडल्यावर बरे वाटले, म्हणून तशीच स्कूटरवर बसले, आणि सात रस्त्याच्या अलीकडे पुन्हा अंधारी आली. सुदैवाने वेग कमी होता. गाडी कडेला लावून मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. पलीकडच्या चहाच्या टपरीवरच्या मावशींनी न विचारता पाण्यात साखर-मीठ कालवून आणून दिले.

घरी आल्यावर हे सगळे आप्पांना सांगितले. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत सत्तावीस वर्षे सायझिंग खात्यात काम केले. कापड विणण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला कांजी लावतात आणि वाफेवर तापलेल्या मोठ्या सिलिंडरांवरून फिरवून ते सूत वाळवतात. त्या खात्यात एकीकडे सिलिंडरांची धग असते, दुसरीकडे कांजीची वाफ. साचेखात्यात, म्हणजे जिथे माग चालतात तिथेही, हवा मुद्दाम दमट राखतात, कारण कोरड्या हवेत सुती धागा वारंवार तुटतो. आप्पांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, ‘घाम वाळत होता का गं?’ मला उत्तर देता आले नाही, कारण असा प्रश्न माझ्या मनात कधी आलाच नव्हता.

दोन दिवसांनी ते स्वतः माझ्यासोबत हॉल पाहायला आले. वर्ग नुकताच संपला होता. त्यांनी हीटरकडे पाहिलेही नाही, सरळ आरशापाशी गेले आणि त्यावरून बोट फिरवले. आरशावरून पाण्याचे ओघळ उतरत होते. आमच्या नेहमीच्या सरांना ते म्हणाले, ‘सर, काचेवर पाणी धरतंय म्हणजे हवेत आता जागा नाही. मग या पोरांच्या अंगावरचा घाम जायचा कुठं? आमच्या खात्यात असं झालं की आम्ही आधी झरोका उघडायचो, मग काम.’

सोलापूरचा उन्हाळा कोरडा असतो, हे आपण जाणतो, पण त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. बाहेरची हवा त्वचेपेक्षा गरम झाली, की शरीराला थंड होण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणे. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला, तर तो शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम थेंबाथेंबाने मॅटवर गळला, तर शरीरातले पाणी आणि मीठ जाते आणि उष्णता बरीचशी आतच राहते. ज्या उन्हात आपण लहानाचे मोठे झालो, तिथे घाम दिसण्याआधीच वाळतो, म्हणून ४२ अंशांतही सावलीला बसले की जीव शांत होतो. बंद, वाफाळ हॉलमधले ३५ अंश त्याच्यापेक्षा कठीण असू शकतात. त्यात हृदयाला एकाच वेळी काम करणाऱ्या स्नायूंना आणि थंड व्हायला आसुसलेल्या त्वचेला रक्त पुरवायचे असते, त्यामुळे वाकलेल्या स्थितीतून झटकन उभे राहिले की रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

आमच्या सरांचे मला मनापासून कौतुक वाटते, कारण त्यांनी वयाचा किंवा पदवीचा मुद्दा न काढता आप्पांचे म्हणणे वहीत उतरवून घेतले. दुसऱ्याच दिवशी भिंतीवर तापमान आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र लागले. वाफेचे यंत्र बंद झाले, वरची एक झडप उघडी राहू लागली, आणि पाणी कधीही प्यावे, बालासनात, म्हणजे गुडघ्यांवर वाकून विसावायच्या आसनात, कधीही जावे, बाहेर जाऊन यावे, हे प्रत्येक वर्गाच्या सुरुवातीला सांगितले जाऊ लागले. नव्या माणसाला पहिले दोन आठवडे दाराजवळची जागा आणि अर्धाच वर्ग, असाही नियम झाला. शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते आणि नाडीची धडधड आटोक्यात येते. मधे महिनाभर खंड पडला तर ही सवय बरीचशी ओसरते, म्हणून परत येणाऱ्यालाही पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सरांनीच एकदा सांगितलेली एक गोष्ट मला फार प्रामाणिक वाटली. अमेरिकेतल्या टेक्सास स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ४० ते ६० वर्षे वयाच्या, बैठ्या सवयीच्या लोकांनी बारा आठवडे बिक्रम पद्धतीची तीच आसने केली, काहींनी तापवलेल्या खोलीत आणि काहींनी साध्या खोलीत. रक्तवाहिन्यांच्या आरोग्यात झालेली सुधारणा दोन्हीकडे सारखीच होती. म्हणजे त्या बाबतीत तरी गुण आसनांचा होता. ज्यांची उपजीविका तापवलेल्या हॉलवर आहे, त्यांनीच हे वर्गात उभे राहून सांगावे, याला मी मोठेपणा म्हणते.

मग मी अजून का जाते? त्या ऊबेत मनातला गलका लवकर शांत होतो, हे एक कारण. दुसरे कारण असे, की माझ्या शरीराची सूक्ष्म लक्षणे मला चाळीस वर्षांत जितकी कळली नव्हती, तितकी या पाच महिन्यांत कळली. ओठांभोवतीच्या मुंग्या, अंगावर अचानक येणारा काटा, जांभई, अकारण चिडचिड, यांतले एक जरी दिसले तरी मी आता बसते. गरोदर स्त्रिया, हृदयविकाराचे किंवा रक्तदाबाचे रुग्ण आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा हॉलमध्ये पाऊल टाकू नये, असे मी कळकळीने सांगते. घाम येत असो वा थांबलेला असो, कोणाचे अंग तापले आणि बोलणे बरळू लागले, तर तो उष्माघात समजावा आणि अंगावर पाणी ओतत दवाखाना गाठावा. नुसते साधे पाणी घटाघट पिऊन गेलेले मीठ भरून निघत नाही. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ, हे घरचे प्रमाण आम्ही सगळ्यांनी पाठ केले आहे. ज्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे रोजचे दोन टॉवेल धुण्याचा हिशेबही करावा लागतो; मी ते कपड्यांच्या शेवटच्या पाण्यात काढते.

एप्रिल लागल्यापासून हीटर बंदच आहेत. स्लॅब रात्रभर धग धरून ठेवतो, आणि पहाटे साडेपाचला भिंतीवरचे यंत्र ३२ दाखवते. तेवढे पुरे आहे, असे सरांनी जाहीर केले आणि दोन्ही खिडक्या उघडल्या. परवा वीरभद्रासनात असताना काकूंनी हात खाली घेतले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि दार उघडून त्या जिन्याच्या पायरीवर जाऊन बसल्या. सरांची मोजणी थांबली नाही, कोणी वळून पाहिले नाही. बाटलीतले दोन-तीन घोट पिऊन, तोंड पुसून त्या परत आल्या आणि दुसऱ्या बाजूचे वीरभद्रासन त्यांनी आमच्यासोबत केले.