वाकून ये

औसा तालुक्यातलं आमचं घर माळवदाचं. दाराची चौकट सागवानी, जुनी, आणि इतकी बुटकी की पाव्हण्याचं कपाळ आधी आपटतं, राम राम नंतर. माय आतून ओरडते, "वाकून ये रं बाबा!" तोवर आवाज झालेला असतो. आम्ही घरचे मात्र अंधारातही बरोबर वाकतो. चौकट उंच करायचा विषय दर उन्हाळ्यात निघतो. अण्णा म्हणतात, "घरच्यायला सवय हाय की, कशाला खर्च?"

हल्ली त्याच घराच्या ढाळजेत बसून मी पुण्यातलं सॉफ्टवेअरचं काम करतो. परवा एका मेकफाइलनं, म्हणजे प्रोग्राम कसा बांधायचा ते 'मेक'ला सांगणाऱ्या फाइलनं, दोन तास खाल्ले. 'मिसिंग सेपरेटर. स्टॉप.' एवढंच सांगून गप्प. शेवटी सापडलं: ओळीच्या सुरुवातीला टॅब हवा होता, मी नुसत्या स्पेस दिल्या होत्या. डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं.

'मेक' लिहिलं स्टुअर्ट फेल्डमन यांनी, 1976 साली, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये. टॅबची ही भानगड त्यांच्या काही आठवड्यांतच लक्षात आली होती. पण तोवर डझनभर लोक ते वापरायला लागले होते, बहुतेक मित्रच. त्यांची घडी कशाला मोडा, म्हणून टॅब राहिला. म्हणजे अण्णाच की!

व्हिम या एडिटरचंही तेच. कर्सर हलवायला एच, जे, के, एल का? तर बिल जॉय यांनी ज्या एडीएम-3ए टर्मिनलवर व्हीआय, म्हणजे व्हिमचा पूर्वज, लिहिला, त्याच्या या चार बटणांवर बाण छापलेले होते. ते टर्मिनल गेलं, बोटं वळण सोडत नाहीत.

माझी बोटं लोडशेडिंगनं वळवली. लातूरला कॉलेजात सी भाषेत प्रोग्राम लिहायला टर्बो सीची निळी खिडकी. लाइट गेली की प्रोग्राम गेला. म्हणून दोन ओळी झाल्या की एफ2, म्हणजे सेव्ह. आता लॅपटॉपला बॅटरी आहे, एडिटर आपोआप सेव्ह करतो, तरी ओळ संपली की हात सेव्ह करतोच. स्क्रीन शेअर केली की टीममधली पोरं हसतात. "सर, ऑटोसेव्ह आहे." माहीत आहे रे. तुमच्या पॉइंटर शिकायच्या दिवसांत लाइट गेली नसेल.

प्रोग्रामिंगच्या नव्या भाषांच्या भांडणात मी फारसा पडत नाही. रस्ट तेवढी आवडली, तीही वेगासाठी नाही. तिचा कंपायलर, म्हणजे लिहिलेलं तपासून मशीनच्या भाषेत नेणारा, चूक कुठं झाली, का झाली आणि बहुतेक वेळा काय करून बघ, हेही सांगतो. प्रोग्राम चालायच्या आधीच. माय ओरडते, पण कपाळ आपटायच्या आत.

गेल्या महिन्यात मीच टीमसाठी एक स्क्रिप्ट लिहिली. फोल्डरच्या नावात एक अक्षर खाल्लं होतं. तिसऱ्या दिवशी दिसलं, तोवर चौघांनी त्या नावावर आपापलं काम बांधलं होतं. दुरुस्तीला बसलो. मग चौघांना फोन करायचं जिवावर आलं. वर एक कॉमेंट टाकली, 'स्पेलिंग चुकलंय, माहीत आहे', आणि फाइल बंद केली.