मेणवलीची घंटा आणि विरघळलेले ग्रेन

पुण्यात मी कृष्णधवल छपाईचे काम करतो. महिन्यातल्या एका रविवारी मिडियम फॉरमॅटचे, म्हणजे नेहमीच्या पस्तीस मिलिमीटरपेक्षा मोठ्या फिल्मवर टिपणारे, आठ-दहा हौशी छायाचित्रकार माझ्या डार्करूमबाहेरच्या खोलीत जमतात. प्रिंट टेबलावर ठेवायची आणि सर्वांचे बोलून होईपर्यंत ज्याची ती असेल त्याने तोंड उघडायचे नाही, एवढाच आमचा नियम आहे.

त्या रविवारी बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी बारा इंची चौरस प्रिंट मांडली. वाईजवळच्या मेणवली घाटावर वसईच्या मोहिमेतून आणलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, ती चौकटीच्या मधोमध होती. खाली पायऱ्या, वर पलीकडची झाडे. पाहायला एक आणि टिपायला एक अशा दोन लेन्सचा यशिका मॅट १२४ जी कॅमेरा, एचपी ५ प्लस फिल्म. निगेटिव्ह त्यांनी घरी धुतलेली, प्रिंट मात्र मी केलेली.

घंटा मऊ, म्हणजे धूसर आली आहे, हे सर्वांच्या लगेच लक्षात आले. ५६ मिलिमीटरची चौकट बारा इंचांवर नेताना ती जेमतेम साडेपाचपट वाढते, पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मला त्यासाठी साडेबारापटीच्या पुढे जावे लागते. त्यामुळे इथे मऊपणाला सबब चालत नाही. हॅसलब्लाड कॅमेरा वापरणाऱ्या सदस्याने निदान केले की पाहण्याची लेन्स आणि टिपण्याची लेन्स यांचा मेळ बिघडला आहे, म्हणून फोकस पुढच्या पायऱ्यांवर पडला. दुसऱ्याने कॅमेरा विकून टाकण्याचा सल्ला दिला. (आमच्या मंडळींची औषधे बहुधा दुकानातूनच येतात.) मीही मान डोलावली. काका नियम पाळून गप्प होते. त्यांचा चेहरा मात्र पडला होता.

मग सहज नजर वरच्या कोपऱ्यांकडे गेली. जवळच्या पायऱ्या लख्ख होत्या आणि नदीपलीकडची पानेही तितकीच लख्ख होती. मऊ होता तो फक्त मधला भाग. जवळचे आणि दूरचे दोन्ही स्पष्ट, आणि त्यांच्या मधल्या अंतरावरची वस्तू तेवढी अस्पष्ट, असे कॅमेऱ्याच्या फोकसच्या चुकीने होत नाही. मी भिंग लावले. कोपऱ्यांत ग्रेन, म्हणजे फिल्मवरचे चांदीचे बारीक कण, मिठाच्या कणांसारखे टोकदार होते, घंटेभोवती ते विरघळले होते. चूक कॅमेऱ्याची असती तर घंटा धूसर आली असती, पण ग्रेन तरीही धारदार राहिले असते, कारण ग्रेन निगेटिव्हमध्येच असतात. ते विरघळले, म्हणजे चूक एन्लार्जरखाली, निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली झाली होती, म्हणजेच माझी.

काय झाले असेल हे उमगायला वेळ लागला नाही. धुळीच्या कटकटीमुळे मी एन्लार्जरमध्ये निगेटिव्ह धरायला बिनकाचेचा कॅरिअर वापरतो. त्यात निगेटिव्ह फक्त कडांनी धरलेली असते. दिव्याच्या उष्णतेने तिचा मधला भाग फुगतो आणि फोकसमधून सरकतो, आणि पस्तीसच्या लहान चौकटीपेक्षा मिडियम फॉरमॅटच्या मोठ्या चौकटीत हा फुगवटा जास्त जाणवतो. मी थंड निगेटिव्हवर फोकस केला होता, आभाळ गडद करण्यासाठी दिवा बराच वेळ चालू ठेवला होता आणि घाईत लेन्सचे छिद्र मोठे, एफ ५.६वरच सोडले होते. छिद्र लहान करून एफ ११वर नेले असते तर तो फुगवटा कदाचित झाकलाही गेला असता.

हे सर्व सांगितल्यावर खोलीत कोणी काही बोलेना. मी काचेचा कॅरिअर काढला, निगेटिव्ह आधी तापू दिली, मग फोकस केला आणि तिथेच दुसरी प्रिंट काढली. फिक्सरच्या ट्रेमध्येच घंटेवरच्या उठावाची रेष न् रेष दिसू लागली.

ओल्या प्रिंटवर पुन्हा चर्चा रंगली. आता डाव्या कडेचा प्लॅस्टिकचा डबा सर्वांना खुपू लागला. कंबरेशी धरून पाहायच्या कॅमेऱ्यात चित्र डावे-उजवे उलटे दिसते, त्यामुळे कडा नीट पाहिल्या गेल्या नसाव्यात, असे हॅसलब्लाडवाले म्हणाले. तेव्हा काकांनी त्या दिवशी पहिल्यांदा नियम मोडला.

"डबा मला दिसला होता. तो आमच्या हिचा आहे, आणि हलवायचा नाही असं तिनंच बजावलं होतं."