रॅम ८५ टक्के दिसली, तर आधी ‘कमिटेड’चा आकडा बघा

८ जीबीच्या लॅपटॉपवर विंडोज ११, क्रोमचे दहा-बारा टॅब, एक्सेल आणि व्हॉट्सॲप एवढं चालू असलं की टास्क मॅनेजर ८०-८५ टक्के रॅम वापरात दाखवतो. मग कोणीतरी रॅम क्लीनर टाकायला सुचवतं. टाकू नका. हे क्लीनर चालू प्रोग्रामांची पानं, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, जबरदस्तीने रॅममधून बाहेर काढतात. टक्केवारी खाली येते, पण तो प्रोग्राम पुन्हा वापरायला घेतला की तीच पानं परत आणावी लागतात, कधी थेट डिस्कवरून. पाहुणे आले म्हणून पसारा पलंगाखाली ढकलण्यातला हा प्रकार आहे.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. तिथला ‘कॅश्ड’चा, म्हणजे पुन्हा लागेल म्हणून जपून ठेवलेल्या डेटाचा, आकडा मोठा असला तरी ती रॅम वाया गेलेली नसते, त्यातली बहुतेक मागितली की लगेच मोकळी होते. खरा आकडा ‘कमिटेड’चा. समजा तिथे १३.१/१३.९ जीबी दिसतं. पहिला आकडा प्रोग्रामांना कबूल केलेली मेमरी, दुसरा कमाल मर्यादा, म्हणजे रॅम अधिक पेजफाइल (रॅममध्ये न मावणारी मेमरी ठेवायला डिस्कवर राखलेली फाइल). पहिला दुसऱ्याला टेकला की प्रोग्राम धडाधड बंद पडतात, मग रॅम थोडी शिल्लक का असेना. ‘एसएसडी झिजते’ म्हणून पेजफाइल बंद करणाऱ्यांची नेमकी इथेच गाडी अडते. विंडोज आणि आर दाबून रन उघडा, त्यात ‘सिसडीएम.सीपीएल’ इंग्रजीत (sysdm.cpl) टाइप करा, ॲडव्हान्स्ड टॅबमधून परफॉर्मन्सच्या सेटिंग्जमध्ये जा, तिथे पुन्हा ॲडव्हान्स्ड, मग व्हर्च्युअल मेमरी, आणि सगळ्यात वरच्या ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’वर टिक ठेवा. सी ड्राइव्हवर जागा मात्र हवी. ती भरलेली असेल तर पेजफाइल वाढणार कुठे?

मेमरी नक्की कोण खातंय ते बघायला ‘प्रोसेसेस’ पुरेसं नाही, कारण डिस्कवर गेलेली मेमरी त्यात धरलेली नसते. ‘डिटेल्स’मध्ये कॉलमच्या नावावर राइट क्लिक करून ‘कमिट साइज’ जोडा आणि त्यावर क्रम लावा. क्रोम वर आला तर क्रोममध्येच शिफ्ट-एस्केप दाबा, म्हणजे टॅबनिहाय हिशेब मिळतो. सेटिंग्जच्या परफॉर्मन्समधला मेमरी सेव्हर चालू करा. तो पडून असलेले टॅब रिकामे करतो आणि त्यावर गेलात की पान नव्याने लोड होतं, म्हणून कामाच्या साइट अपवादाच्या यादीत टाका.

सगळ्यांची बेरीज करूनही आकडा जुळत नसेल, तर त्याच मेमरीच्या पानावर ‘नॉन-पेज्ड पूल’ बघा, म्हणजे विंडोज आणि ड्रायव्हर वापरतात ती, डिस्कवर न जाणारी मेमरी. एरवी तो काहीशे एमबी असतो. दीड-दोन जीबी झाला असेल आणि रोज वाढत असेल, तर एखादा ड्रायव्हर (विंडोजच्या आत चालणारा, हार्डवेअर वगैरे सांभाळणारा प्रोग्राम) मेमरी घेऊन परत करत नाहीये. वाय-फाय, अँटीव्हायरस किंवा व्हीपीएनवर पहिला संशय घ्यावा. अपडेट करा, नाहीतर काढून बघा.

इथे एक गंमत आहे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोज आपला कर्नल, म्हणजे गाभा, डिस्कवर जपून ठेवतो आणि सकाळी तोच परत आणतो, ड्रायव्हरची गळती झालेल्या मेमरीसकट. रोज रात्री मशीन बंद करूनही सीपीयूच्या पानावर ‘अप टाइम’ दहा-बारा दिवस दिसतो, तो याचमुळे. रिस्टार्ट केल्यावर मात्र सगळं नव्याने सुरू होतं.

स्टार्टअप ॲप्समधलं नको ते बंद करा, हे सर्वांना माहीत आहेच.

एवढं करूनही रोजच्या कामात ‘कमिटेड’ १२-१३ जीबीवर राहत असेल तर ८ जीबीत भागणार नाही, रॅम वाढवा. विकत घेण्याआधी मेमरीच्या पानावर ‘स्लॉट्स युज्ड’ आणि ‘फॉर्म फॅक्टर’ वाचा. ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलेलं असेल तर ती रॅम बहुधा बोर्डावरच डागलेली आहे. एखादा जादा स्लॉट आहे का, ते मॉडेल नंबरवरून तपासा. डीडीआर४ च्या जागी डीडीआर५ बसत नाही, खाच वेगळी असते.