एकच नाव, एकच तारीख, दोन पेपर

न्यू जर्सीत जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटी चेकिंगला आहे. लायब्रऱ्यांकडून मायक्रोफिल्मचे (पानांचे बारीक फोटो असलेल्या फिल्मचे) रोल येतात, मशीन स्कॅन करतं आणि मी एकेका फ्रेमची तारीख, पेपरचं नाव, पान सरळ आलंय का, कडा कापल्या गेल्यात का हे बघत बसते, दिवसाला आठशे-हजार फ्रेम होतात. बहुतेक दिवस घरी गेल्यावर काय बघितलं तेही आठवत नाही. मागच्या फेब्रुवारीतला एक गुरुवार मात्र डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय.

न्यूयॉर्कचा एक साप्ताहिक पेपर होता, 'द पीपल', अमेरिकेतल्या सोशलिस्ट लेबर पार्टीचा. त्याच्या १८९९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या अंकांवर सॉफ्टवेअरने लाल खूण केली होती, आठ जोड्या, सगळ्या डुप्लिकेट म्हणून. नाव तेच, गाव तेच, तारीख तीच. अशा वेळी आमचा नियम साधा आहे, स्वच्छ प्रत ठेवायची, दुसरी काढून टाकायची. एक सेट धूसर होता, फिल्मवर उभा ओरखडा होता, म्हणून मी तो काढत गेले. चार जोड्या झाल्या. पाचव्या जोडीला धूसर प्रत मोठी करून बघितली, कारण पहिल्या कॉलमची लांबी काही जुळेना, आणि बघते तर बातम्याच वेगळ्या! मग दोन्ही अंकांतली पत्त्याची बारीक ओळ शोधली. एकात १८४ विल्यम स्ट्रीट, दुसऱ्यात ६१ बीकमन स्ट्रीट.

हात एकदम थांबला. कचऱ्यात टाकलेले चारही अंक आधी परत बाहेर काढले आणि मग आमच्या लीडला हाक मारली, पुण्याची आहे ती, मी ताईच म्हणते. ती म्हणाली, "अगं, छपाईची जागा बदलली असेल." मी म्हटलं, "नाही ताई, दोन्ही एकाच रविवारचे आहेत, आणि दोघंही म्हणतात खरा पक्ष आम्हीच." ती खुर्ची ओढून शेजारी बसली आणि पुढचा दीड तास आम्ही दोघी फक्त वाचत होतो.

मामला असा होता. पक्षाची गादी म्हणावी तर ती होती पेपरचा संपादक डॅनियल डी लिऑन याच्याकडे. माणूस कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटाचा, आधी कोलंबिया विद्यापीठात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवायचा (बाबासाहेब १९१३ साली शिकायला आले तेच कोलंबिया, पण हा त्याच्या कितीतरी आधी तिथून बाहेर पडलेला), १८९० मध्ये पक्षात आला आणि थोड्याच वर्षांत पक्ष म्हणजे तोच असं झालं. १८९५ मध्ये त्याने जुन्या युनियनना बाजूला सारून पक्षाची स्वतःची युनियन काढली, सोशलिस्ट ट्रेड अँड लेबर अलायन्स. पक्षातल्याच पुष्कळांना हे पटलं नाही, त्यांचं म्हणणं होतं की कामगार ज्या युनियनमध्ये आहेत तिथेच जाऊन काम करा, समांतर दुकान मांडून कामगारांत फूट पाडू नका. या बाजूला होता तरुण वकील मॉरिस हिलक्विट आणि 'न्यूयॉर्कर फोल्क्सत्साइटुंग' हा जर्मन भाषेतला कामगारांचा दैनिक पेपर.

माझे बाबा परळला गिरणीत होते. एका गिरणीत दोन युनियन म्हणजे काय, एकाच चाळीतले लोक एकमेकांशी बोलायचे कसे बंद होतात, हे मी लहानपणापासून ऐकलंय. म्हणून मला यात कोणा एकाला मूर्ख ठरवता येत नाही. डी लिऑनला वाटत होतं की जुने युनियन पुढारी मालकांशी संगनमत करतात, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पण हजारो माणसं ज्या युनियनमध्ये होती तिच्याशीच वैर घेऊन कामगारांचा पक्ष वाढणार कसा, हाही प्रश्न खरा होता.

१० जुलै १८९९ ला रात्री भडका उडाला. विरोधी गटाने सभा घेतली, राष्ट्रीय सचिव हेन्री कून आणि त्याच्या लोकांना काढलं असं जाहीर केलं, नवे पदाधिकारी निवडले आणि तसेच ऑफिसचा ताबा घ्यायला विल्यम स्ट्रीटला गेले. आतल्यांनी वाट अडवली, जोरदार हाणामारी झाली, पोलीस आले. ज्या माणसांनी आयुष्यभर एकमेकांना कॉम्रेड म्हटलं त्यांचं हे! डी लिऑनची बाजू मग या दुसऱ्या गटाला कांगारू म्हणायला लागली.

आणि खरी मेख इथे होती, की पक्षाचा पेपर पक्षाच्या मालकीचा नव्हताच. छापखाना होता फोल्क्सत्साइटुंग काढणाऱ्या प्रकाशन संस्थेचा. संस्था विरोधकांच्या बाजूने, त्यामुळे विल्यम स्ट्रीटवरून त्यांचा 'द पीपल' निघत राहिला, आणि डी लिऑन-कून मंडळींनी बीकमन स्ट्रीटवरून आपला 'द पीपल' काढला. प्रकरण कोर्टात गेलं, पक्षाचं नाव आणि हात-हातोड्याचं चिन्ह डी लिऑन गटाला मिळालं. नाव कोणाचं आणि चिन्ह कोणाचं हा वाद महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

किंमत मात्र मोठी पडली. १८९८ मध्ये पक्षाला देशभरात सुमारे ८२ हजार मतं होती, १९०० च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्याच्या उमेदवाराला सुमारे ४० हजारच मिळाली. बाहेर पडलेल्यांनी दुसरा समाजवादी पुढारी युजीन डेब्ज याच्या लोकांशी जुळवून घेतलं आणि १९०१ मध्ये इंडियानापोलिसला सोशलिस्ट पार्टी ऑफ अमेरिका उभी राहिली. (तीही पुढे १९१९ मध्ये अशीच फुटली, तो वेगळा विषय.) बाहेर पडलेल्यांच्या 'द पीपल'चं नाव नंतर 'द वर्कर' झालं. डी लिऑनने १ जुलै १९०० पासून पक्षाच्या मालकीचं दैनिक सुरू केलं, ते फेब्रुवारी १९१४ मध्ये बंद पडलं आणि मे महिन्यात तो गेला.

पण हे नंतरचं सगळं पुस्तकात मिळतं. मला हलवून सोडलं ते वेगळ्याच गोष्टीने. मी जो धूसर सेट काढत होते तो बीकमन स्ट्रीटचा होता. कोर्टात जिंकलेली बाजू, आणि आमच्याकडे ती माझ्या एका क्लिकवर जाणार होती, फक्त फिल्मवर ओरखडा होता म्हणून. उलटं असतं तर हरलेली बाजू गेली असती. कुठलीही गेली असती तरी शंभर वर्षांनी कोणीतरी एकच 'द पीपल' वाचून म्हटलं असतं की त्यावेळी असंच झालं. ताईने त्याच दिवशी लायब्ररीला मेल टाकला आणि आम्ही सोळाच्या सोळा अंकांच्या दोन वेगळ्या नोंदी केल्या, प्रत्येकीत पत्ता टाईप केला, डुप्लिकेटची खूण काढली. तेव्हापासून नुसतं नाव-तारखेवर मी काहीही काढत नाही, दोन्ही पानं उघडतेच.

त्या शनिवारी न्यू जर्सीहून न्यूयॉर्कला जाणारी पाथ ट्रेन पकडून मी खालच्या मॅनहॅटनला गेले. बीकमन आणि विल्यम दोन्ही रस्ते अजून आहेत, एकमेकांना मिळतात. थंडी सणसणीत होती, फूटपाथवर मिठाचा चुरा. एका पत्त्यापासून दुसऱ्यापर्यंत चालत गेले, पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग तिथूनच बाबांना फोन लावला, तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते, पण जागे होते. सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "इतकं जवळ?"