तुम्ही विचारलंत म्हणून: एमबीबीएस सांभाळून यंत्रांवर संशोधन

‘एमबीबीएसचाच अभ्यास संपत नाही, त्यात बायोमेडिकल इंजिनिअरिंगचं संशोधन कसं जमायचं?’ सोलापुरातले विद्यार्थी हे सारखं विचारतात. जमतं. फक्त नवं यंत्र बनवायला निघू नका. वॉर्डातलं यंत्र कुठे आणि का चुकतं, एवढंच धरा. सुरुवात फिजिऑलॉजी पक्की झाल्यावर, सेकंड इयरला.

पल्स ऑक्सिमीटर घ्या. तो बोटातून लाल (६६० नॅनोमीटर) आणि इन्फ्रारेड (साधारण ९४०) प्रकाश सोडतो. प्रत्येक प्रकाशाचा नाडीबरोबर बदलणारा भाग भागिले स्थिर भाग, आणि या दोन भागाकारांचं गुणोत्तर, यावरून ऑक्सिजनचा आकडा निघतो. गुणोत्तर १ म्हणजे साधारण ८५ टक्के. पेशंट थरथरत असला की दोन्ही सिग्नलमध्ये सारखाच गोंधळ शिरतो, गुणोत्तर १ कडे सरकतं आणि आकडा ८५ च्या आसपास अडकतो. म्हणून आकड्याबरोबर पेशंट आणि स्क्रीनवरची लहर, दोन्ही बघायची.

आता आपल्या गावचा प्रश्न. सूत रंगवणाऱ्या कामगारांची बोटं रंगलेली असतात. तो रंग स्थिर, म्हणजे हिशेबाने भागाकारात निघून जायला हवा. पण गडद रंगाने सिग्नलच क्षीण होतो आणि गोंगाट वरचढ ठरतो. कोणता रंग, किती गडद झाल्यावर? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) दोन महिन्यांच्या विद्यार्थी योजनेत मावेल असा हा प्रश्न आहे.

सामान थोडकं: मॅक्स३०१०२ सेन्सर (बोटात प्रकाश सोडून परत आलेला मोजणारी चिप), त्याच्या नोंदी घेणारा ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड, सेकंदाला १०० नोंदी. या सेन्सरचा इन्फ्रारेड ८८० चा असतो, त्यामुळे वॉर्डातल्या यंत्राचं समीकरण जसंच्या तसं उचलू नका. काही स्वस्त सेन्सर-बोर्डांवर डेटाच्या तारा १.८ व्होल्टला ओढलेल्या असतात. तेवढा व्होल्टेज ईएसपी३२ ला अपुरा पडतो, त्याला सेन्सर सापडतच नाही आणि लोक आठवडाभर कोड तपासत बसतात. बोट दाबून धरलं तर केशवाहिन्यांतलं रक्त हटतं, लहर सपाट होते. सैलसर वेल्क्रो लावा, वरून काळं कापड. माणसाला जोडलेला सर्किट पॉवर बँकेवरच चालवा.

कामगाराच्या बोटाची पहिली नोंद घेण्याआधी एथिक्स कमिटीची लेखी मंजुरी आणि त्याला कळेल अशा भाषेतलं संमतीपत्र हवंच. सोलापुरात अनेकांना तेलुगू किंवा कन्नड जवळची, हे विसरू नका.

सर्किट एकट्याने करू नका. इथल्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजातला इलेक्ट्रॉनिक्सवाला जोडीला घ्या. पुढे याच वाटेने जायचं असेल तर एमबीबीएसनंतर आयआयटी खरगपूरचा तीन वर्षांचा एमएमएसटी (मास्टर इन मेडिकल सायन्स अँड टेक्नॉलॉजी) आहे.