मग बरं झालं

तात्यांचे तीन शब्द दोन दिवस डोक्यातून जात नाहीत.

परवा त्यांना ओनोसातो या जपानी सुमो पैलवानाच्या कुस्तीचा व्हिडिओ पाठवला. 190 किलोच्या आसपासचा गडी. उजवा हात समोरच्याच्या काखेत घालतो आणि त्याला सरळ कड्याबाहेर नेतो. मला वाटलं, तात्या त्याच्या पायांबद्दल, पकडीबद्दल बोलतील. फोन आला, तो एवढाच, "शिकलाय का त्यो?"

शिकलाय, म्हटलं. विद्यापीठ पुरं करूनच आलाय.

"मग बरं झालं." फोन बंद.

बरं कुणाचं झालं? त्याचं? की माझं? मला तालमीच्या उंबऱ्यावरून कान धरून परत शाळेत कुणी नेलं, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. नववीत होतो मी. जपानात नववी संपवून पंधरा वर्षांची पोरं सुमोत येतात, भांडी घासतात, स्वयंपाक करतात. जुर्यो, म्हणजे वरून दुसरी श्रेणी, गाठेपर्यंत पगार नाही. तात्या तर सातवीतूनच तालमीत गेले. मग गुडघा, आणि पुढं कारखान्याचं गेट.

ओनोसातोला दोन्ही मिळालं, हे मला सलतं. पदवी आणि आखाडा. विद्यापीठात असताना दोनदा हौशी योकोझुना, म्हणजे हौशी पैलवानांत देशात पहिला, झाला, म्हणून मे 2023मध्ये तळातून चढावं लागलं नाही, थेट वरून तिसऱ्या श्रेणीत उतरला. पहिलीच कुस्ती हरला, तरी वर्षभरात करंडक घेतला. शेंडीचा मानाचा ओइचो बांधण्याइतके केसही तेव्हा वाढले नव्हते. 2025मध्ये 75वा योकोझुना, सुमोतला सगळ्यात वरचा किताब. पदवीधर योकोझुना त्याच्याआधी एकच, 1973मधला वाजिमा. मला तात्यांनी एकच दिलं. रात्री हे मनात आलं, आणि ज्या माणसाने स्वतःचा खुराक बंद झाल्यावर माझी फी भरली, त्याच्याविषयी आलं. लाज वाटली. पण आलं ते आलं.

काल ओनोसातोच्या वस्तादांची माहिती पुन्हा वाचत होतो. किसेनोसातो. नववीनंतर थेट आखाड्यात, हायस्कूल पाहिलेलं नाही, तरी योकोझुना. 2017मध्ये छातीच्या डाव्या बाजूला इजा झाली, त्यातही ती स्पर्धा जिंकले, मग पूर्वीसारखं अंग साथ देईना. 2019मध्ये निवृत्ती. त्यानंतर हा माणूस वासेदा विद्यापीठात जाऊन बसला. सुमोची तालीम कशी चालवावी यावर प्रबंध लिहिला, 2021मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. आता इबाराकीतल्या आमी गावी त्यांची तालीम आहे.

सकाळी तात्यांना फोन केला. 'बरं झालं' म्हणजे काय, हे विचारणार होतो. वस्तादांचंच सांगत बसलो.

"वय काय हुतं, वर्गात बसला तवा?"

तेहतीस, म्हटलं.

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

मी घाईनं पुढचं सांगितलं, त्यांच्या तालमीत दोन आखाडे आहेत.

"दोन? कशाला?"

एकात कुस्ती चालू असताना बाकीच्यांनी ताटकळत राहू नये म्हणून.

"आमी निम्मी सकाळ भित्तीला टेकून काढायचो," तात्या म्हणाले. मग भिंत कुठली, चुना कसा पाठीला लागायचा, शेजारी कोण उभं असायचं, हे सगळं सांगत राहिले. पाऊण तास. गुडघ्यापर्यंत आले, थांबले, आणि म्हणाले, "उद्या कर फोन. ह्ये ऱ्हायलंय."